वरचे 1,045 रुपये

परदेशातून काही मागवलं की कस्टम्स लागणार, हे पेनवेड्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर नवखा पोरगाही सांगतो. जीएसटीच्या 28 टक्क्यांच्या दिवसांत तर आकडा सगळ्यांना पाठ होता: 42.08 टक्के. त्यामुळे जपानहून 8,000 रुपयांचं फाउंटन पेन मागवताना ड्युटीचे चार हजार मी बाजूला काढूनच ठेवले होते. दारात आलेल्या मुलानं सांगितली ती रक्कम मात्र 5,122.

"काका, आधी पेमेंट करा, मग खोका देतो. लिंक आलीये बघा मेसेजमध्ये."

त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या मोबाइलवर नुसती एक रक्कम असते, ती कशी आली हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि डाफरणारे मात्र रोज भेटतात. मी पैसे भरले, खोका घेतला आणि कुरिअर कंपनीकडे 'बिल ऑफ एंट्री'ची प्रत मागितली. ती आपण होऊन कुणी पाठवत नाही. मागितली की मिळते.

कुरिअरनं आलेल्या मालाचा हा कागद आपल्या वतीनं कंपनीच भरते. पार्सल मुंबईत सहारच्या टर्मिनलला उतरतं तेव्हा आधार-पॅनसाठी मेसेज येतो, तो त्यासाठीच. (याच मेसेजची नक्कल करून भामटे लोकांना लुबाडतात, तेव्हा ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघितल्याशिवाय कसलीही लिंक उघडू नये.)

कागद तसा सोपा आहे. पेन 8,000, विमानाचं भाडं 2,400, विमा 90. बेरीज 10,490. कर लागतो तो नुसत्या पेनवर नाही, या बेरजेवर. त्यावर मूळ सीमाशुल्क 10 टक्के, म्हणजे 1,049. त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 104.90. मग माल, शुल्क, अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 3,260.29. करावर अधिभार, त्या दोन्हींवर पुन्हा कर, अशी ही उतरंड. म्हणून 10, 1 आणि 28 मिळून 39 न होता 42.08 होतात.

दुकानातून तेच पेन घेतलं असतं तर जीएसटी 18 टक्के लागला असता. पार्सलवर 28 लागला, कारण वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा विमानानं येणाऱ्या मालाला सीमाशुल्काच्या दरपत्रकात वेगळा कप्पा आहे, 9804. त्यात वस्तू कोणती हे बघतच नाहीत. पेन असो, बूट असो, किटली असो, दर एक. एकेका खोक्यासाठी दरपत्रकाची पानं चाळायची तर टर्मिनलवर पार्सलांचा डोंगर होईल, हे मला पटतं. सोयीसाठी केलेला कप्पा सगळ्यात महागड्या दराचा का, हे मात्र पटत नसे. 22 सप्टेंबर 2025पासून तिथलाही आयजीएसटी 18 वर आला. दहा हजारांच्या मालावर 4,208 रुपये जायचे, ते तेवढ्या एका बदलानं 3,098 झाले.

पण माझा प्रश्न वरच्या हजाराचा होता. मूल्यांकनाचे 2007चे नियम आहेत, त्यातला दहावा भाड्याबद्दल बोलतो: माल विमानानं आला असेल तर भाडं मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरायचं नाही. 8,000चे 20 टक्के म्हणजे 1,600. कागदावर पुरे 2,400 लिहिले होते. आठशे रुपये जादा धरले गेले आणि त्यांच्यावर 42.08 टक्क्यांनी जवळपास 337 रुपये कर गेला. उरलेले 708 कंपनीचे स्वतःचे. आपल्या वतीनं ड्युटी आधी भरल्याबद्दल 600 रुपये शुल्क, वर त्याचा 18 टक्के जीएसटी. 337 आणि 708, झाले 1,045.

फोनवरची मुलगी गोड बोलली. "सर, ते कस्टम्सनं लावलंय, आमच्या हातात नाही." म्हटलं, आकारणी कस्टम्सची, पण 2,400 हा आकडा त्या रकान्यात लिहिला कुणी? ती थोडा वेळ गप्प झाली आणि तिनं मला ईमेलचा पत्ता दिला.

टपालाची वाट वेगळी. तिथं पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनसारख्या कार्यालयात उघडलं जातं, आकारणी तिथंच होते आणि पैसे पोस्टमन घेतो. वेळ जास्त लागतो, पण आगाऊ भरण्याचा असला चढा आकार नसतो. पुष्कळांना अजून वाटतं की पाठवणाऱ्यानं खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं की सुटलो. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटीला पूर्वी माफी होती खरी, पण डिसेंबर 2019मध्ये ती गेली आणि भेट म्हणून बिनशुल्क माल सोडवणंच बंद झालं. अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीच्या पाकिटातली भेटवस्तू त्यात धरत नाहीत. हे वाक्य सरकारी फायलीत लिहिणाऱ्याला बहीण असावी, किंवा नसावी, मला ठरवता आलेलं नाही.

उलट्या दिशेनंही हेच चालू झालंय. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचा माल बिनशुल्क जायचा, तो 29 ऑगस्ट 2025पासून बंद झाला. आपल्या टपाल खात्यानं तर चार दिवस आधीच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि ते पुन्हा सुरू झालं ऑक्टोबरच्या मध्यावर. न्यू जर्सीला चकल्या-अनारसे पाठवणाऱ्या घरांना ऐन दिवाळीच्या तोंडावर सीमाशुल्क शिकावं लागलं.

ईमेलला उत्तर आलं. आकारणी मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येईल, असं त्यात होतं. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण 337 रुपयांसाठी अपील करायचं तर अर्ज, प्रती आणि हेलपाटे यांतच त्याच्या कितीतरी पट खर्च होईल, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. मी नियम दहा जोडून परत लिहिलं: कस्टम्सकडे मागत नाही, तुमच्या 600मधून द्या. तेवढे त्यांनी वळते केले. रकाना चुकीचा भरला होता असं कुठं लिहिलं नाही, 'सदिच्छेपोटी' असं लिहिलं. शाईची बाटली मागवायची आहे, ती टपालानं पाठवता का म्हणून मी त्या जपानी दुकानदाराला विचारलंय.