रत्नागिरीहून एका दिवसात वेळणेश्वर

● मार्ग : खासगी गाडीने जयगड. तिथून फेरीबोटीत गाडी चढवून खाडीपार तवसाळ, मग हेदवी आणि वेळणेश्वर.

● हेदवी : डोंगरावर दशभुजा लक्ष्मीगणेशाचं देऊळ. खाली किनाऱ्यावर बामणघळ. कातळाच्या या अरुंद भेगेत भरतीची लाट घुसली की पाणी कारंज्यासारखं उसळतं. कडेवर उभं राहू नका.

● भरतीची वेळ : तिथीला पाऊणने गुणा, हा कोकणचा ढोबळ हिशेब. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास.

● वेळणेश्वर : माडांच्या रांगेला लागून शंकराचं देऊळ, समोर अर्धवर्तुळाकार पुळण. महाशिवरात्रीला जत्रा.

● परतताना : शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवा.