पणजोबांची पलटण, लंडनचे ग्रंथपाल

"आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत." सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून ते गाव 'मिलिटरी अपशिंगे' या नावानंच ओळखलं जातं. पण इतर गावांतल्या घरांना त्या एका वाक्यापलीकडे बहुधा काहीच ठाऊक नसतं. पलटण कोणती, साल कोणतं, मृत्यू कुठे झाला, कशाचाच पत्ता नसतो.

या घरांतली आजची पिढी मोबाइलवर पणजोबांचं नाव टाकून बघते, काही मिळत नाही आणि शोध तिथेच थांबतो. वास्तविक ही कागदपत्रं ज्या संस्थांनी जपून ठेवली आहेत, तिथे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठीच माणसं नेमलेली आहेत. त्यांना घरबसल्या लिहिता येतं. साधी चौकशी विनामूल्य असते आणि प्रश्न विचारणारा कोण, कुठला, हे पाहिलं जात नाही. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून हा लेख.

ईस्ट इंडिया कंपनी आणि इंडिया ऑफिस यांचं 1600 ते 1947 पर्यंतचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फळ्या एकापुढे एक मांडल्या तर सुमारे 14 किलोमीटर भरतील एवढं ते मोठं आहे. युद्धकाळात पलटणींनी रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदवह्या, म्हणजे 'वॉर डायरी', लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मृत सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहेत. तीन संस्था, तिन्ही वेगळ्या. कुठला कागद कुठे सापडेल हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण, आणि ग्रंथपालाची खरी मदत होते ती इथेच.

समजा, तुम्ही लिहिलंत, "माझे पणजोबा गणपत जाधव पहिल्या महायुद्धात होते, त्यांची माहिती द्यावी." जाणकार ग्रंथपाल लगेच शोधायला बसत नाही, आधी उलट विचारतो. घरात पदक आहे का? असलं तर त्याची कड भिंगातून पाहा. त्या युद्धातल्या बहुतेक ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चांदीचं की ब्राँझचं, तेही सांगा. लढणाऱ्या शिपायाला 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं मिळे. हमाल, भिश्ती अशा बिनलढाऊ माणसांना तेच ब्राँझचं. हे पदक ब्राँझचं निघालं तर शिपायांच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही, वाट तिथेच बदलते. गाव आणि तालुका कोणता? वडिलांचं नाव काय? पत्नीचं? कारण मृतांच्या नोंदींत अनेकदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव' असं लिहिलेलं असतं, आणि जाधव शेकडो असले तरी त्या गावचा, त्या बापाचा गणपत एकच असतो.

मग इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. जाधवच्या शेवटी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. शिंदे, चव्हाण, साळुंखे यांचे तर विचारू नका इतके अवतार. ज्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. पलटणीच्या नावांचंही तेच. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 एवढा काळ उपासमार सोसून अखेर ते सैन्य शरण गेलं. पण 1922 साली सैन्याची फेररचना झाली आणि या पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. आजोबांनी सांगितलेला आकडा नवा की जुना, हे ठरल्याशिवाय वॉर डायरी हाती लागत नाही. ही फोड जाणकार माणूस दहा ओळींत करून देतो. आपण एकट्यानं करायला गेलो तर महिने जातात.

आणि जाणकार ग्रंथपाल नकारही नीट समजावून सांगतो. साध्या हिंदी शिपायांची वैयक्तिक सेवापुस्तकं सहसा लंडनला गेलीच नाहीत, ती पलटणींकडेच राहिली. म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला लिहून पाहणं योग्य. वॉर डायरी अधिकाऱ्यांनी लिहिलेली, तिच्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण पलटण त्या दिवशी कुठे होती, किती माणसं पडली, हे कळतं. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. तेव्हा तिथे नाव नाही याचा अर्थ माणूस गेला नाही असा होत नाही. या भेदभावाबद्दल कमिशननं 2021 साली अहवाल काढून जाहीर माफी मागितली. नातवंडांना हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या माणसाची खूण पुसली गेली ती कशी आणि कुणामुळे, एवढं तरी हाती येतं.

उलट प्रश्न विचारण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत वूस्टर इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सॅम्युअल ग्रीन यांनी 1876 सालीच मांडलं होतं की ग्रंथपालानं वाचकांत मिसळावं, त्यांना काय हवं ते समजून घ्यावं. माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला खरोखर हवं असतंच असं नाही, हे रॉबर्ट टेलर यांनी 1968 साली सविस्तर दाखवलं. आपले रंगनाथन गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपानं मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. जगभरचे ग्रंथपाल तो आजही शिकतात.

इंटरनेट आल्यावर हीच सेवा तारेवरून सुरू झाली. 1995 साली मिशिगन विद्यापीठातल्या एका वर्गानं 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी' उभी केली; विद्यार्थी आणि स्वयंसेवक ग्रंथपाल ईमेलवर उत्तरं देत. 2002 मध्ये अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ग्रंथालयांची सहकारी संस्था ओसीएलसी यांनी मिळून 'क्वेश्चनपॉइंट' सुरू केलं. एका ग्रंथालयाला जमलं नाही तर प्रश्न दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयाकडे जाई. लायब्ररी ऑफ काँग्रेसची 'आस्क अ लायब्ररियन' ही सेवा आजही चालू आहे आणि पुण्या-नाशिकहून पाठवलेला प्रश्नही तिथे घेतला जातो.

अमेरिकेतल्या ग्रंथालयाला मराठीतलं काय कळणार, असं वाटेल. पण तिथे मराठी पुस्तकंही आहेत, आणि त्यामागे आपल्या दुष्काळाच्या दिवसांचा इतिहास आहे. पीएल-480 कायद्याखाली अमेरिकेनं आपल्याला गहू दिला, त्याचे पैसे रुपयांत भारतातच साठले. त्या रुपयांतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली. त्यांत मराठीही होती. आपल्याकडे वाळवीनं खाल्लेलं पुस्तक तिकडे शाबूत सापडू शकतं ते त्यामुळे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती आपण मोबाइलवर चाळतो तीसुद्धा शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळेच.

प्रश्न पाठवताना काय हवं, कशासाठी हवं, आजवर काय पाहिलं आणि काय सापडलं नाही, एवढं चार वाक्यांत लिहावं. शेवटचा भाग लोक नेमका गाळतात आणि मग ग्रंथपालाचा अर्धा वेळ आपण आधीच पाहिलेलं पुन्हा पाहण्यात जातो. एका पत्रात एकच प्रश्न ठेवावा. पदकाचा, जुन्या कागदाचा स्वच्छ फोटो जोडावा. उत्तराला काही दिवस लागतात, कधी आठवडे. तेवढा धीर धरावा. प्रबंध लिहून द्या, वंशावळ काढून द्या, कायद्याचा किंवा औषधाचा सल्ला द्या, असली कामं ते करत नाहीत आणि ते रास्तच आहे. प्रती काढून हव्या असतील तर पैसे पडतात. स्वामित्वहक्क शिल्लक असलेलं अख्खं पुस्तक कुणी स्कॅन करून देणार नाही.

आता अनेक जण हेच प्रश्न यंत्राच्या चॅटला विचारतात. उत्तर क्षणात येतं. पण त्यातली काही पुस्तकं, काही फाइलींचे क्रमांक कधी अस्तित्वातच नव्हते, असं वारंवार आढळतं, आणि ती न लिहिलेली पुस्तकं मागणारी पत्रं जगभरच्या ग्रंथालयांत येऊन पडतात. ग्रंथपाल जेव्हा 'सापडलं नाही' म्हणतो, तेव्हा कुठल्या तालिका पाहिल्या, कुठली वर्षं चाळली, आता कुणाला विचारावं, हे सगळं सोबत लिहितो. संशोधकाला असा नकारही कामाला येतो. पुढच्या माणसानं तिथूनच सुरुवात करायची. माझ्या मते या सेवेचं सर्वांत मोठं बळ यातच आहे.

अशी माणसं आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चं. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकट्याच्या चिकाटीनं केली. ती आजही मराठी संदर्भसेवेचा पाया आहे. मराठी प्रबंधांच्या प्रस्तावना उघडा, कुठल्या ना कुठल्या संदर्भ विभागातल्या माणसाचे आभार मानलेले दिसतील. पण ही मदत बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन उभं राहणाऱ्यालाच मिळते. गडचिरोलीची विद्यार्थिनी किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूस या मदतीपासून दूरच राहतो.

ही मदत दूरवर पोहोचवायला मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रश्नांसाठी एक वेगळा ईमेल पत्ता, आठवड्यातले काही तास त्यासाठी राखलेला एक जाणता माणूस आणि दिलेल्या उत्तरांची जपून ठेवलेली वही, एवढ्यानं सुरुवात होते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, अनुदान आहे, जागोजागी वाचनालयं आहेत. तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत ही मागणी लेखी मांडा, आणि कार्यकारिणीत असाल तर ठराव करून घ्या.