पिकअपच्या हौद्याला झाकण बसवलं तर डिझेल वाचतं का?

देवनारच्या कत्तलखान्यात बकरे उतरवले की पिकअप रिकामी परत निघते, पण डिझेल जळतच राहतं. ‘हौद्यावर प्लायवूडचं उतरतं झाकण बसवा, मायलेज वाढेल’ असे व्हिडिओ सोशल मीडियावर दिसतात. यात तथ्य किती?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किमीच्या तुलनेत ८० किमीला तो १६ पट होतो. त्यामुळे नाशिक महामार्गावर झाकणाचा थोडा फायदा होऊ शकतो. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या कोंडीत मात्र नाही. तिथे डिझेल जातं ते ब्रेक मारून पुन्हा गाडी उचलण्यात आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यात. वर झाकणाचं वजन वाढतं ते वेगळंच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग करायचं काय?

टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा ठेवा, हौद्यातलं बिनकामाचं सामान उतरवा, लांब सिग्नलला इंजिन बंद करा. याला ना खर्च, ना आरटीओची परवानगी.