माळेगावात राजकारण का तापतं?

22 जून 2025 रोजी माळेगाव बुद्रुकच्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी मतदान झालं. सभासद मतदार साडेएकोणीस हजारांच्या घरात, जागा 21, आणि राज्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार स्वतः उमेदवार. एका कारखान्यासाठी एवढा जोर कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मला मात्र थक्क करते ती वेगळीच गोष्ट. समोरासमोर ठाकलेल्या पॅनेलची माणसं नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली ऊसकरी. सगळ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि सगळ्यांना हवा असतो तो चढा भाव. कारभारावर आक्षेप असतात, ते असायलाच हवेत. पण तेवढ्यानं बांधाला बांध असलेली दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी का होतात?

या कोड्याचा एक धागा इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात सापडतो. नाझींच्या छळात घरचे जवळजवळ सगळे गमावलेले मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांना माणसं गट कशी करतात, हे शोधायचं होतं. त्यांचे प्रयोग 1970 साली प्रसिद्ध झाले. एकाच शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्यांनी क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि ‘तू या गटातला, तू त्या गटातला’ असं सांगितलं. खरं तर ती वाटणी आवडीनिवडीवरून नव्हतीच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग मुलांनी इतरांना थोडे पैसे वाटायचे होते. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इथवर समजू शकतं. पुढचं वाचताना मात्र अंगावर काटा येतो. आपल्या गटाला जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर असतानाही अनेकांनी कमी पैशांचा पर्याय निवडला, कारण त्यात दुसऱ्या गटाला त्याहूनही कमी मिळत होते. फायद्यापेक्षा फरक मोलाचा ठरला, आणि तोही ज्या गटाला काही मिनिटांपूर्वी अस्तित्वच नव्हतं त्याच्यासाठी!

म्हणजे आधी मत बनतं आणि मग गट, हा आपला समज पुष्कळदा उलटा असतो. पण मग प्रत्येक गाव कायमच पेटलेलं का नसतं?

इथे बारामतीचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. 1960 साली बारामती लोकसभेची पोटनिवडणूक लागली. शेतकरी कामगार पक्षाकडून वसंतराव पवार उभे होते, काँग्रेसकडून गुलाबराव जेधे. वसंतरावांचे धाकटे भाऊ शरद पवार तेव्हा पुरते वीस वर्षांचेही नव्हते. ते काँग्रेसचे कार्यकर्ते, आणि त्यांनी प्रचार केला तो जेध्यांचा, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरोधात. आई शारदाबाई शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांच्या. तरी घर फुटलं नाही.

आफ्रिकेतल्या समाजांचा अभ्यास करणारे मॅक्स ग्लुकमन यांनी 1955 साली मांडलेला विचार या गोष्टीला चपखल बसतो. माणूस एका भांडणात ज्याच्या विरोधात असतो, त्याच्याच बाजूनं दुसऱ्या कामात उभा राहतो, म्हणून समाज टिकतो. बाज विणताना दोरी उभी-आडवी घेतात, तशी ही नाती एकमेकांना छेदत जातात आणि भार पेलतात. 1960 मध्ये पक्षाची रेघ घराच्या मधोमध गेली. बाकीच्या दोऱ्या शाबूत होत्या.

2 जुलै 2023 ला शरद पवारांची राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि पुतणे अजित पवार वेगळे झाले, तेव्हा उलट घडलं. पक्ष, नेता, नातं, कार्यकर्त्यांची मैत्री, सगळं एकाच रेघेवर येऊ लागलं. लोकसभेला शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्यासमोर भावजय, म्हणजे अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार, विधानसभेला अजित पवारांसमोर पुतणे युगेंद्र. दिवाळीचा पाडवा पवार कुटुंब माळेगावच्या गोविंदबागेत एकत्र साजरा करत असे. 2024 मध्ये एक पाडवा गोविंदबागेत झाला, दुसरा काटेवाडीत. त्या आधीच्या ऑगस्टमध्ये अजित पवारांनी जाहीरपणे म्हटलं होतं, की बहिणीसमोर पत्नीला उभं करणं ही चूक होती, राजकारण घरात शिरू द्यायला नको होतं. निवडणुकांच्या धामधुमीत असं बोलायला धैर्य लागतं.

आणि मतदार? 4 जून 2024 च्या निकालात बारामती विधानसभा क्षेत्रानं सुप्रिया सुळे यांना सुमारे 48 हजारांची आघाडी दिली. 23 नोव्हेंबरला त्याच क्षेत्रानं अजित पवारांना 1,00,899 मतांनी निवडून दिलं. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे तिथं उघड बोललं जात होतं. नेत्यांच्या घरातली दोरी तुटत होती तेव्हा हजारो साध्या मतदारांनी दोन्ही बाजूंशी नातं राखलं. फुटीच्या राजकारणावर एवढं बारीक उत्तर मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

कारखान्याच्या निवडणुकीत रेघा आणखी गुंतल्या. भाजप राज्यात अजित पवारांचा भागीदार, पण माळेगावात भाजपचे रंजन तावरे त्यांच्या विरोधात. शरद पवारांच्या बाजूचं पॅनेल तिसरंच. मतमोजणी संपली तेव्हा अजित पवारांच्या नीळकंठेश्वर पॅनेलकडे 20 जागा होत्या. एकविसावी गेली विरोधी पॅनेलचे ज्येष्ठ सहकार नेते चंद्रराव तावरे यांच्याकडे, आणि पुढचे गळीत हंगाम एकाच टेबलावर बसून चालवण्याचं काम या एकवीस जणांवर आलं.