टिंबे तीच, अक्षर मात्र वेगळे!

विशेष प्रतिनिधी

सहा टिंबांच्या चौकटीत डावीकडचे सर्वात वरचे आणि उजवीकडचे सर्वात खालचे, अशी दोनच टिंबे उठावदार असतील, तर मराठी ब्रेल वाचणारा अंध वाचक तेथे 'छ' वाचतो. हीच दोन टिंबे फ्रेंच वाचकासाठी डोक्यावर टोपीसारखे चिन्ह असलेला 'ए' होतात. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये ती 'सी' आणि 'एच' ही जोडी दर्शवितात, तर जपानी वाचकाच्या बोटाला तेथे 'का' हे अक्षर लागते.

ब्रेल ही जगभर चालणारी एकच भाषा आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ब्रेल ही भाषा नव्हे, लिपी आहे. टिंबांच्या आकृतीला स्वतःचा अर्थ नसतो. तो त्या त्या भाषेने ठरवून दिलेला असतो.

६३ आकृत्यांचा संसार

लुई ब्रेल (१८०९-१८५२) या फ्रेंच अंध शिक्षकाने ही पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. चौकटीतील डावीकडच्या टिंबांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडच्यांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. या सहा टिंबांतून ६३ आकृत्या तयार होतात. मोकळी चौकट म्हणजे शब्दांमधील अंतर. स्वर, व्यंजने, अंक, विरामचिन्हे हा सारा पसारा एवढ्याच आकृत्यांत बसवायचा असल्याने एकाच आकृतीवर अनेक जबाबदाऱ्या येतात.

पहिले, चौथे आणि पाचवे टिंब घेतल्यास मराठीत 'द' होतो. त्यापूर्वी अंकचिन्ह आले, तर तीच आकृती ४ हा आकडा ठरते. पाश्चात्त्य संगीताच्या ब्रेल लिपीत ती 'सी' या स्वराची खूण असते. विशेष म्हणजे अंकचिन्हाची आकृती हीच मराठीतील 'ण' सुद्धा आहे. तरीही गोंधळ होत नाही, कारण अंकचिन्ह आकड्याच्या आरंभी येते आणि मराठी शब्दाचा आरंभ 'ण' ने होत नाही.

उच्चाराचा धागा

हे वाटप केवळ मनमानीने झाले, असे मात्र नाही. 'क' ची आकृती इंग्रजी 'के'ची, रशियनमधील 'क' ची आणि अरबीतील 'काफ' ची एकच आहे. लिपी वेगवेगळ्या असल्या, तरी उच्चाराच्या आधारे ब्रेलचे नाते जुळविण्यात आले. जपानी ब्रेलने मात्र १८९० मध्ये निराळा मार्ग धरला. तेथे १, २ आणि ४ ही टिंबे स्वरासाठी, तर ३, ५ आणि ६ व्यंजनासाठी वापरून दोहोंच्या मिलाफातून अक्षर घडविले जाते. त्यामुळे आपला 'क' तेथे 'ना' होतो.

उच्चाराचा धागा सोडल्यास काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला. तेथे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमी टिंबे देणारी वेगळी मांडणी प्रचारात आली. परिणामी भाषा एकच असूनही ब्रिटनमधील ब्रेल पुस्तके तेथील वाचकांना सहज वाचता येईनात. इंग्रजी ब्रेलबाबत दोन्ही देशांत समझोता होण्यास १९३२ साल उजाडावे लागले.

भारतीय भाषांचा एकोपा

भारतातही विविध भाषांसाठी परस्परांशी न जुळणाऱ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. भारत सरकारने हा प्रश्न १९४९ मध्ये युनेस्कोकडे नेला आणि त्यानंतरच्या विचारविनिमयातून १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली. समान ध्वनीला सर्व भारतीय भाषांत समान आकृती, हे तिचे सूत्र. इंग्रजीतील संक्षेपांचाही तिने चतुराईने उपयोग केला. 'टीएच'ची आकृती 'थ' ला, 'एसएच'ची 'श' ला आणि 'जीएच'ची 'घ' ला मिळाली.

याचा एक सुखद परिणाम डोळस वाचकांना चकित करणारा आहे. मराठी वाचकाला तमिळ किंवा बंगाली लिपी नव्याने शिकावी लागते. मराठी ब्रेल जाणणारा वाचक मात्र त्या भाषांतील बहुतेक अक्षरे ओळखू शकतो. शब्दांचा अर्थ तेवढा त्याला शिकावा लागतो.

देवनागरीच्या सवयीही येथे बदलतात. 'कि' लिहिताना छापील मजकुरात वेलांटी आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ' येते. 'मऊ' हा शब्द 'म' आणि 'ऊ' एवढाच लिहिला, तर तो 'मू' असा वाचला जाईल. म्हणून मध्ये 'अ' घालावा लागतो.

संगणकाला भाषा सांगावी लागते

संगणकांसाठीच्या युनिकोड संकेतप्रणालीत १९९९ मध्ये ब्रेल आकृत्यांचा समावेश झाला. तेथेही त्यांना अक्षरांची नव्हे, तर टिंबांच्या क्रमांकांची नावे देण्यात आली. आकृतीचा अर्थ भाषेवर अवलंबून असतो, याचीच ही कबुली म्हणता येईल.

मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारी सॉफ्टवेअर प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र कोष्टक वापरतात. तेथे भाषेची निवड चुकली, की सारेच बिघडते. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये 'द', 'फॉर' आणि 'विथ' या शब्दांसाठी प्रत्येकी एकच आकृती असते. मराठी म्हणून वाचल्यास त्याच आकृत्या अनुक्रमे 'ध', 'ढ' आणि 'ट' होतात. ही चूक डोळस मुद्रकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने पान टिंबांनी भरलेले असते. ती कळते ती थेट विद्यार्थ्याच्या बोटाला, आणि तेव्हा कदाचित परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणूनच ब्रेल पुस्तक छापण्यापूर्वी त्याचे एक पान ती भाषा जाणणाऱ्या अंध वाचकाकडून वाचून घेणे, हा सर्वात साधा आणि खात्रीचा उपाय ठरतो.