जुना पीसी कुरकुरतोय? ‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी हे वाचा

घरातला पीसी दहा-बारा वर्षांचा झाला की त्याची नाटकं सुरू होतात. चालू व्हायला दहा मिनिटं, मधेच निळी स्क्रीन, कधी नुसतंच बीप बीप. मग ओळखीचा कॉम्प्युटरवाला येतो आणि विचारतो, “फॉरमॅट मारू का? सी ड्राइव्हमध्ये महत्त्वाचं काही नाही ना?” आपण बिनधास्त सांगतो, “नाही ओ, सगळं डेस्कटॉपवर आहे.”

घोळ इथेच होतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं. फॉरमॅट झाला की बारशाचे फोटोही गेले.

त्यामुळे आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती नंतर.

त्यातही हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर व्हायरस स्कॅन, डीफ्रॅग, चेकडिस्क यातलं काहीही चालवू नका. अशी डिस्क जेवढी फिरेल तेवढी बिघडत जाते. जे परत मिळणारच नाही ते आधी कॉपी करा, म्हणजे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, हिशेब. सिनेमे राहू द्या. आवाज येत नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. त्यात ‘कॉशन’ दिसलं तर नव्या डिस्कची तयारी ठेवायची.

पीसी चालूच होत नसेल तरी डेटा गेला असं नाही. बरेचदा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो, डिस्क ठणठणीत असते. ती काढून दुसऱ्या पीसीला किंवा साटा-टू-यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडता येते. फक्त डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टची वीज वेगळी द्यावी लागते, त्यामुळे सोबत पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही.

“मी डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय की!” असंही बरेच जण म्हणतात. पण जुन्या पीसीत सी आणि डी हे बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी आणि महत्त्वाच्या फाइल्सची आणखी एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. गुगलची १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून असते, ती पटकन भरते. आणि पेनड्राइव्हवर लग्नाचा व्हिडिओ जाता जात नसेल तर तो बहुधा फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीची फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आता दुरुस्ती. घड्याळ रोज मागे जातंय, वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतायत? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटन सेल संपलाय. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र जुळत नाही, म्हणून ती सूचना येते. बीप वाजून स्क्रीन काळीच राहत असेल तर वायर काढून रॅम बाहेर घ्या, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत नीट बसवा. गरम होऊन आपोआप बंद पडणारा पीसी बहुतेकदा पंख्यातल्या धुळीने तुंबलेला असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी मशिन ११ च्या अटीत बसत नाहीत, पण म्हणून पीसी भंगारात टाकायची गरज नाही. त्यावर लिनक्स मिंट छान चालतं.

राहता राहिली मराठी फाइल्सची भानगड. युनिकोड येण्याआधीची पत्रं, पत्रिका, संस्थेची इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. त्यात खाली इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल वाचवली आणि फॉन्ट राहिला, तर नव्या मशिनवर नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही कॉपी करा. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ जुन्या पीसीवरच काढा, आणि ती दुसऱ्या मशिनवर उघडून मराठी नीट दिसतंय ना ते बघितल्यावरच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावा.