पिसं ओढ्यात नको, खतात घाला

चिकनचं दुकान बंद झालं की पिसांचं पोतं कुठे जातं, ते आपल्याला माहीत आहे. ओढ्याकाठी, नाहीतर रस्त्याकडेच्या खड्ड्यात. कुत्री ते उचकटतात नि पावसात सगळं पाण्यात जातं. कोंबडीच्या वजनाचा ५ ते ७ टक्के भाग पिसांचा. दोन किलोच्या ५० कोंबड्या रोज कापणाऱ्या दुकानात ५ ते ७ किलो पिसं निघतात, भिजलेली असली तर आणखी जड.

पीस लवकर कुजत नाही, कारण ते केराटिनचं असतं. आपले केस, नखं, बैलाचं शिंग त्याचंच. त्यातले धागे गंधकाने एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. (पिसं जाळू नका, घाण वास गावभर होतो.) पण याच केराटिनात नत्र भरपूर आहे. १०० किलो सुक्या पिसांत सुमारे १५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोच्या आसपास असतं. युरिया लगेच लागू पडतो, पिसांतलं नत्र मात्र हळूहळू, काही महिने सुटत राहतं.

पिसांपासून प्लास्टिक आणि धागाही होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी पिसांपासून तंतू काढण्याचं पेटंट १९९८ मध्येच घेतलं. पण त्याला कारखाना लागतो, रोज ढिगाने पिसं लागतात. म्हणून "मशीन घ्या, माल आम्ही उचलू" असं कुणी सांगत आलं, तर गटाचं कर्ज त्यात घालू नका. आधी लेखी करार मागा. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या गटाला जमणारं काम खताचं.

दुकानदाराला पिसांसाठी वेगळा ड्रम ठेवायला सांगा. आतडी, रक्त त्यात नको. आणि रोगाने मेलेल्या कोंबडीची पिसं कधीच घेऊ नका. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. हातमोजे नि तोंडाला रुमाल हवाच.

पिसांवर पाणी ठरत नाही, म्हणून ती आधी दोन दिवस शेणकाल्यात बुडवून ठेवा. मग १ किलो ओल्या पिसांना ३ ते ४ किलो सुका काडीकचरा घ्या. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळका पाला, काहीही चालेल. थरावर थर देऊन ढीग कमरेएवढा करा. त्याहून लहान ढीग तापत नाही. पिसं वर दिसू देऊ नका, सुका कचरा पसरून झाका. ढिगात लोखंडी सळई खुपसून चार-पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नाही इतकी तापली तर काम बरोबर चाललंय. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर नत्र हवेत उडून चाललंय, पाचट आणखी घाला. दर पंधरा दिवसांनी ढीग उलथा, कोरडा वाटला तर पाणी शिंपडा.

चार ते सहा महिने लागतात. पीस बोटांत चुरगळलं की मोडायला हवं. चाळल्यावर पिसाचे जाड देठ उरतील, ते पुढच्या ढिगात टाका. पहिलं खत आपल्याच परसबागेत वापरून बघा. पिशवीत भरून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे परवानगी लागते, ती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.